चाळलेला चिखल

मित्रांनो, गोठ्याच्या आडोशाला, पेंढ्याच्या भाऱ्यांना टेकून उभी असलेली चार बोटांची मशीन तुम्हाला दिसते आहे ना? ती मीच. चिखलात भाताची रोपं लावायची, हे माझं काम. माझा हिरवा रंग आता बराच उडाला आहे. रोपं ठेवायच्या माझ्या पाटीत एक पिवळी कोंबडी रोज दुपारी येऊन बसते, आणि तिला कुणी उठवत नाही.

माझं वय फार नाही, अकरा वर्षं. पण माझ्यासारख्या मशीनला तेवढं पुष्कळ झालं. आज मी तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. ती सांगताना मला मान खाली घालावी लागेल, कारण माझ्यामुळे एका बाईचं नुकसान झालं. आणि ते होण्याआधी पाच वर्षं सगळे माझं कौतुकच करत होते.

माझा जन्म बेगडेवाडी स्टेशनाजवळच्या एका कारखान्यात झाला. हा कारखाना चिंतामणीरावांचा. तळेगावचे राहणारे, साठीला टेकलेले, बोलायला मऊ आणि पैशाला घट्ट. त्यांच्याकडे औषध फवारायचे पंप आणि मळणी यंत्राचे सुटे भाग तयार होत. नवीन काही शोधून काढावं, असं त्यांच्या मनात अधूनमधून येई; पण मनात आलेलं तिथंच राही.

मग एके दिवशी त्यांचे करसल्लागार आले आणि त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली. ती तुम्हालाही सांगते, कारण तिच्याशिवाय मी जन्मालाच आले नसते. कारखान्याला वर्षभरात जो नफा होतो, त्यावर सरकारला कर द्यावा लागतो. पण सरकारला वाटत होतं, की कारखान्यांनी नुसता माल न विकता नवीन शोधही लावावेत. म्हणून तेव्हा अशी सवलत होती, की मान्यता मिळालेल्या विभागात संशोधनावर शंभर रुपये खर्च केले, तर कर ठरवताना ते दोनशे रुपये धरायचे. तेवढे नफ्यातून वजा करायचे आणि उरलेल्यावर कर भरायचा. म्हणजे संशोधनाचा थोडा भार जणू सरकारच उचलत होतं.

चिंतामणीरावांनी त्या महिन्यात कारखान्याच्या मागे पत्र्याची एक शेड उभी केली. मान्यतेसाठी अर्ज केला. आणि शेडमध्ये काम करायला सई नावाची मुलगी नेमली.

सई लोणावळ्याची. तिची आई तिथल्या शाळेत शिकवायची. सईनं शेतीच्या यंत्रांचं शिक्षण घेतलं होतं. मोठ्या भातलावणी मशीन तिनं पाहिल्या होत्या, पण त्या मोठ्या, सपाट शेतांसाठी होत्या. मावळात डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची छोटी खाचरं असतात. बांधावरून दोन माणसांना उचलून नेता येईल अशी लहान मशीन करायची, असं तिनं ठरवलं.

तिच्या हाताखाली अतुल नावाचा फिटर होता. आंदर मावळातल्या एका वस्तीवरचा. टाकव्याच्या पुढं एसटी जिथून मागं वळते, तिथून अर्धा तास चाललं की त्याचं घर. तो सईला म्हणाला, "मॅडम, लावणी कशी करत्यात ते पुस्तकात कशाला बघताय? माझ्या आयेला बोलवू का?"

अशा रीतीनं सरूबाई माझ्या आयुष्यात आल्या.

कान्ह्याहून लोकलनं त्या बेगडेवाडीला उतरल्या, हातात पिशवी आणि पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं. त्यांनी सईला "जय भीम" केला, शेडमध्ये चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "चिखूल कुटं हाय?"

चिखल नव्हताच. मग शेडमध्ये वीस फूट लांबीचा सिमेंटचा हौद बांधला. त्यात माती आणून टाकली. माती टाकण्याआधी ती चाळणीतून चाळून घेतली. प्रत्येक चाचणीला चिखल अगदी सारखा हवा, नाहीतर मापं जुळत नाहीत, असं सईचं म्हणणं होतं. तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

सरूबाई साडी खोचून हौदात उतरल्या. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या तीन बोटांत तीन-चार काड्या, आणि अंगठ्यानं मुळं दाबत रोप खाली सोडायचं. सईनं त्यांच्या बोटांचे फोटो काढले, अंगठा किती वाकतो ते मोजलं. सरूबाई हसून म्हणाल्या, "माज्या बोटांचं असं कौतिक माज्या नवऱ्यानं बी केलं न्हाई."

मित्रांनो, माझी ही चार पोलादी बोटं सरूबाईंच्या बोटांवरून घडली आहेत. माझ्यात काही चांगलं असेल तर ते तेवढंच.

पहिली दोन वर्षं फार सुखाची गेली. शेडमध्ये सईच्या हाताखाली चार माणसं होती. काही लागलं की चिंतामणीराव "आणा" म्हणत. सई माझी बोटं करी, मोडी, पुन्हा करी. मोडल्याबद्दल कुणी रागावत नसे. शोध लावायचा तर मोडणं आलंच, हे तोपर्यंत सगळ्यांना पटत होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात सई म्हणाली, "सर, हिला आता खऱ्या खाचरात नेऊ या. चार गावांत, चार तऱ्हेच्या जमिनीत."

चिंतामणीरावांनी करसल्लागारांना माझ्याजवळ उभं राहूनच फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की मान्यता शेडला आहे. शेडच्या आतला खर्च बिनघोर धरता येईल, पण बाहेर कुणाच्या शेतात केलेल्या खर्चावर प्रश्न निघू शकतात.

चिंतामणीराव सईला म्हणाले, "मग आत काय लागेल ते माग. हौद वाढवायचा का?"

हौद वाढला. वीस फुटांचा चाळीस फूट झाला. त्यावर दिवे लागले, भिंतीला कॅमेरे लागले. मातीची चाळणी बारीक झाली. आणि माझं शेतावर जाणं राहून गेलं. कुणी वाईट हेतूनं ते अडवलं, असं मी म्हणणार नाही. पाणी उताराकडे जातं तसा पैसा सवलतीकडे गेला, इतकंच.

त्याच सुमारास शेड पाहायला दिल्लीहून पाहुणे आले. त्या दिवशी मला धुऊन पुसून तेल दिलं होतं. अतुलनं इंजिन सुरू केलं आणि मी हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार ओळी लावत गेले. एकही रोप आडवं पडलं नाही. एकही जागा रिकामी राहिली नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चिंतामणीरावांचे डोळे भरून आले होते.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत यशस्वी दिवस. आज मला लाज वाटते ती त्याच दिवसाची. चाळलेल्या चिखलात न चुकणं यात माझी काय मोठी हुशारी होती? पण टाळ्या फार गोड लागतात. मला वाटू लागलं, की मला लावणी येते.

पुढं सवलत कमी झाली. दोनशेचे दीडशे झाले. कायदा दिल्लीत बदलला, पण आमच्या शेडमध्ये त्याचा परिणाम महिन्याभरात दिसला. चार माणसांपैकी दोघं पंपांच्या कामावर परत गेली. "आणा" म्हणणारे चिंतामणीराव "खरंच लागतंय का?" असं विचारू लागले. सई आता एक बोट मोडलं की दुसरं मागण्याआधी तेच वाकवून सरळ करून पाही.

त्यानंतर २०१९ साल उजाडलं. तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की पुढच्या मार्चनंतर वरची सगळी सूट संपणार. शंभर खर्च केले की शंभरच धरले जाणार. चिंतामणीरावांनी सईला आणि अतुलला बोलावून सांगितलं, "मार्चनंतर ही शेड मला झेपणार नाही. या पावसाळ्यात शेतावरचा निकाल हाती आला, तर विकणारे लोक तयार होतील आणि आपण अशा मशीन कारखान्यात करायला घेऊ. नाहीतर इथंच थांबू."

अतुल म्हणाला, "आमच्याच खाचरात लावू साहेब. वेगळा खर्च न्हाई."

मेच्या अखेरीस अतुलनं घरच्या खाचरातली माती पोत्यात भरून आणली. तिच्यात मुरमाची खडी होती. त्यानं ती हौदाच्या एका कोपऱ्यात ओतली, पाणी घातलं, कालवली आणि मला तिच्यावरून चालवलं. दहा फूट गेले असेन नसेन, तोच माझ्या डावीकडच्या बोटाखाली खडा आला. बोट धरून ठेवणारी पिन वाकली. बोट तिरपं झालं आणि शेजारच्या बोटावर आदळलं.

सई बराच वेळ गुडघ्यावर बसून पाहत राहिली. मग म्हणाली, "पिन जाड करून भागणार नाही. खडा लागला की बोटानं मागं सरायला हवं. नवीन रचना करावी लागेल. तीन महिने तरी."

"तीन म्हैन्यांत पाऊस सपंल, मॅडम."

"हो."

दुसऱ्या दिवशी सईनं चिंतामणीरावांना सांगितलं, "पिनचं थोडं काम बाकी आहे." थोडं, असं ती म्हणाली. चिंतामणीराव म्हणाले, "मग करून टाका." सईनं जाड पिन बसवली, मला चाळलेल्या चिखलात चालवलं, मी नेहमीसारखी सरळ गेले, आणि तिनं चाचणीच्या कागदावर लिहिलं : समाधानकारक. लिहिताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात सरूबाई शेडवर आल्या. माझ्यासाठी रोपं वेगळ्या तऱ्हेनं वाढवावी लागतात. नेहमी राब भाजून, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा आणि शेण जाळून, तिथल्या वाफ्यात बी टाकतात तसं चालत नाही. ट्रेमध्ये मातीच्या पातळ थरावर दाट बी पेरायचं, म्हणजे मुळं एकमेकांत गुंतून चटईसारखा तुकडा तयार होतो, आणि तो माझ्या पाटीत बसतो. तसे ट्रे न्यायला त्या आल्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी अतुलला माझ्याजवळ बाजूला घेतलं.

"अतुल्या, येक इचारते. रतनच्या सावडीत यंदा जाऊ का नगं?"

सावड म्हणजे काय, ते सांगते. वस्तीतल्या आठ-दहा बाया मिळून आळीपाळीनं एकमेकींच्या खाचरात लावणी करतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. जी दुसऱ्यांकडे राबते, तिच्याकडे सगळ्या राबायला येतात. सरूबाईंच्या सावडीची मुख्य बाई म्हणजे शेजारची रतन. तीस वर्षं दोघी शेजारी शेजारी वाकून लावणी करत आल्या होत्या.

"कंबर लय दुकती रं," सरूबाई म्हणाल्या. "पन ह्यी मशिन नक्की लावंल ना? म्हंजी मी बायकांना न्हाई म्हनून सांगते."

अतुलनं खाली पाहिलं. त्याचं बोट माझ्या नव्या, जाड पिनवर टेकलेलं होतं.

"लावंल आये," तो म्हणाला. "सांग त्यास्नी."

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी त्या वेळी काय केलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारते. खरं उत्तर असं आहे, की कदाचित मीही गप्पच राहिले असते. मला शेतावर जायचं होतं. मला पुन्हा टाळ्या हव्या होत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मला टेम्पोतून वस्तीवर आणलं. सरूबाईंची पाच खाचरं होती. तीन वर, दोन खाली ओढ्याकडे. चिखलणी झालेली होती. पाऊस संततधार होता. दोघांनी मला बांधावरून उचलून पहिल्या खाचरात उतरवलं. रतनच्या खाचराकडे निघालेल्या बाया डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन बघायला थांबल्या.

पहिलं खाचर मी सुरेख लावलं. खोटं कशाला बोलू? बाया तोंडावर हात ठेवून पाहत राहिल्या. रतन म्हणाली, "सरू, आता तू म्हाराणी झालीस बाई." त्या बोलण्यात कौतुक होतं आणि थोडं दुखावलेपणही होतं. सरूबाई बांधावर उभ्या होत्या. लावणीच्या दिवसांत त्या अशा नुसत्या उभ्या कधीच राहिल्या नसतील. त्यांना हातांचं काय करावं तेच कळत नव्हतं.

ओढा चढायच्या आत उरकावं म्हणून दुसरं खाचर ओढ्याकडचं घेतलं. पावसानं वरून मुरूम वाहून आला होता. चौथी फेरी मारताना डावीकडच्या बोटाला खडा लागला. जाड पिन वाकली नाही. ती तुटली. सुटलेलं बोट शेजारच्या बोटात अडकलं आणि इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

सुटा भाग आणायला सई स्कूटरवरून बेगडेवाडीला गेली. येताना ओढ्याला पाणी आलं, पुलावरून जाता येईना. ती तिसऱ्या दिवशी पोचली. नवीन पिन बसवली आणि मी पुन्हा सुरू झाले. तासाभरात ती पिनही तुटली, आणि या वेळी बोटच मधून मोडलं.

आता मात्र घाई झाली. ट्रेमधली रोपं फार दिवस थांबत नाहीत. कोवळ्या पात्यांची टोकं पिवळी पडू लागली होती. सरूबाईंनी चटईचा एक तुकडा उचलला आणि हातानं रोपं सोडवायला घेतली. मुळं एकमेकांत इतकी गुंतलेली, की ओढलं की तुटत. माझ्यासाठी वाढवलेली रोपं, ती हातानं लावण्याजोगी नव्हती. राब भाजून वाढवलेलं नेहमीचं रोप त्यांच्याकडे त्या वर्षी नव्हतंच.

संध्याकाळी रतन परतताना बांधावर थांबली. सरूबाईंनी काही मागितलं नाही. रतनच म्हणाली, "सरू, आमाला दिसतंय गं. पन पाळ्या लागल्यात. ज्यांच्या घरी आमी अजून राबलो न्हाई त्या बी वाट बघून हायेत. आयतवारच्या आदी मी मोकळी न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरं तेच सांगत होती.

रविवारपर्यंत रोपं टिकणार नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं.

मग सरूबाई, अतुल आणि सई हातानं लावायला उतरली. सईला येत नव्हतं. तिची रोपं पाण्यावर तरंगत. सरूबाई मागे वळून ती पुन्हा दाबून बसवत आणि पुढं सरकत. मी बांधाला टेकून उभी होते आणि हे सगळं पाहत होते. माझी बोटं ज्या बोटांवरून घडली, ती बोटं माझी चूक निस्तरत होती.

मध्येच अतुल थांबला. पाण्यात तसाच उभा राहून म्हणाला, "आये, मला म्हाईत व्हतं."

सरूबाईंनी मान वर केली नाही. "काय?"

"शेडमदी आपली माती टाकून बघितलं व्हतं. तवाच पिन वाकलीती. तू इचारलंस तवा मला म्हाईत व्हतं."

सई म्हणाली, "मावशी, त्याची एकट्याची चूक नाही. सगळं ठीक आहे, असं कागदावर मीच लिहिलं."

सरूबाई हातातली जुडी संपेपर्यंत लावत राहिल्या. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि लेकाकडे बघत म्हणाल्या, "न्हाई म्हनला असतास, तर मी काय तुला खाल्लं असतं व्हय? तीस वर्सं वाकले. आनिक येक वरीस वाकले असते." एवढं बोलून त्या पुन्हा वाकल्या.

त्या वर्षी पाचांपैकी दोन खाचरं लागली. तीन रिकामी राहिली. श्रावणात आजूबाजूचा सगळा उतार हिरवागार झाला आणि मधोमध ती तीन खाचरं नुसत्या पाण्याची. पुढं त्यांत गवत आलं. आंदर मावळात घरचा इंद्रायणी खाणाऱ्या माणसाला विकतचा तांदूळ आणावा लागणं मनाला फार लागतं. त्या मार्गशीर्षात अतुल कामशेतच्या बाजारातून तांदळाचं पोतं घेऊन आला, तेव्हा त्यानं ते पाठीमागच्या दारानं घरात नेलं.

कापणीच्या वेळी चिंतामणीराव स्वतः आले होते. सईनं त्यांना सगळं लिहून कळवलं होतं, कागदावरच्या त्या एका शब्दासकट. ते रिकाम्या खाचराच्या बांधावर बूट काढून बसले. सरूबाईंनी त्यांना चहा दिला.

"बाई, भरपाई म्हणून मी काय द्यायचं ते देईन," ते म्हणाले.

"ते द्या," सरूबाई म्हणाल्या. "न्हाई म्हननार न्हाई मी. पन रतनकडं माजी पाळी गेली, ती कुटनं भरून देनार?"

चिंतामणीरावांनी चहाचा कप खाली ठेवला. सई बाजूलाच उभी होती. ते तिला म्हणाले, "सवलतीला मी दोष देणार नाही. ती नसती तर मी हे कामच हाती घेतलं नसतं. पण पाच वर्षं मी एकच विचारत राहिलो, की यातलं सवलतीत काय बसतं? हे खाचर बघायला मी आज पहिल्यांदा आलो."

त्यानंतरच्या मार्चमध्ये शेड बंद झाली. टाळेबंदीही त्याच महिन्यात लागली. मला कारखान्यात परत नेऊन हौदात उभं केलं आणि हौदातच पंपांची खोकी रचली. दोन वर्षं माझ्यावर खोक्यांचं ओझं होतं. उंदरांनी माझा पट्टा कुरतडला. सईला चाकणला दुसरी नोकरी लागली. मला कुणी विचारलं नाही, याचं मला दुःख झालं. पण ती शिक्षा मला जास्त वाटली नाही.

मग जागा मोकळी करायची ठरली आणि भंगारवाल्याला बोलावलं. तेव्हा अतुल चिंतामणीरावांच्या खोलीत गेला. परत आला तो त्यांना बरोबर घेऊनच. त्यांनी माझ्या मोडक्या बोटावरून हात फिरवला.

"घेऊन जा," ते म्हणाले. "सुटा भाग लागला तर इथून करून ने."

"साहेब, ह्यात आता कसली सूट मिळायची न्हाई तुमाला."

"माहीत आहे मला. घेऊन जा."

तेव्हापासून मी इथं सरूबाईंच्या गोठ्यात आहे. सई लावणीच्या दिवसांत दर रविवारी लोणावळ्याहून येते. खडा लागला की बोटानं मागं सरायचं आणि पुन्हा जागेवर यायचं, अशी स्प्रिंग तिनं बसवली. पहिली मोडली, दुसरी मोडली. आता मला चाळलेला चिखल कुणी देत नाही. माझी परीक्षा ओढ्याकडच्या खाचरातच होते. हेही कबूल करते, की काम फार हळू चाललं. शेड चालू असती, चार माणसं असती, तर जे एका हंगामात झालं असतं, त्याला रविवारी रविवारी करत तीन वर्षं लागली. नुसत्या हौसेनं फार लांब जाता येत नाही, मित्रांनो. पाठबळ लागतंच.

सरूबाईंनी मात्र पुन्हा सावड सोडली नाही. पुढच्याच वर्षी त्या न बोलावता रतनच्या खाचरात जाऊन उभ्या राहिल्या. दोन वर्षं त्या सगळ्यांकडे राबल्या, तेव्हा त्यांची पाळी परत आली. दुखत्या कमरेनं केलेली ती दोन वर्षं माझ्या नावावर आहेत.

यंदा मेच्या अखेरीस रतन गोठ्यात आली. आता तिचे गुडघे धरतात. तिनं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि अतुलला विचारलं, "अतुल्या, ह्यी माज्या खाचरात देतोस का?"

सरूबाई दूध काढत होत्या. त्यांचा हात थांबला.

अतुल म्हणाला, "देतो मावशी. पन आदी ऐक. वरच्या खाचरांत ह्यी चालती. वड्याकडं मुरूम लय हाय. तितं दोनदा तरी अडकंल, आन येकदा मोडंल बी. मोडली तर दोन दिस जातील. आन सगळं रोप ट्रेमदी टाकू नगंस. निम्मं नेमीसारकं राब भाजल्याल्या वाफ्यात टाक."

रतननं थोडा विचार केला. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "मंग वड्याकडचं आमी हातानं लावू. वरचं हिला दे."

जुलैत त्याप्रमाणे झालं. मी रतनची वरची तीन खाचरं लावली. दोन जागी मी चुकले. सईनं मागून येऊन तिथं हातानं रोप बसवलं. खाली ओढ्याकडच्या खाचरात सरूबाई आणि रतन शेजारी शेजारी वाकल्या होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांचे हात चिखलात होते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी यंत्रं बनवेल, कुणी त्याला पैसा पुरवेल, आणि कुणी कदाचित सवलतींचे कायदेही लिहील. आमच्यासारख्यांना जन्म द्यायला या सगळ्यांची गरज असते. पण आम्ही चांगले दिसावे म्हणून आमची खोट झाकू नका. ज्याच्या शेतात आम्हाला उतरवाल, त्याला ती आधी सांगा. माझी झाकलेली खोट मी त्या तीन खाचरांत उघड केली, आणि त्याचा भार अजून माझ्या अंगावरून उतरलेला नाही.

आणि कधी या वस्तीवर आलात आणि मला चालवायला मिळालं, तर काम झाल्यावर एवढं मात्र करा. बोटांच्या सांध्यांत बसलेला चिखल ओला आहे तोवर धुऊन काढा. तो वाळला, की स्प्रिंग अडकते. ते बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि मला सांगता येत नाही.